नर पोसायचे कशासाठी?

अण्णा आणि वैशाली ही दोन्ही माणसे माझ्या कल्पनेतली. वाद मात्र खरा आहे आणि कीटकशास्त्रात तो गेली तीस-पस्तीस वर्षे या ना त्या रूपात चालू आहे. अण्णा प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वैशाली त्यांची सून, माळशिरस तालुक्यात उसासाठी ट्रायकोकार्ड बनवणारी लहानशी प्रयोगशाळा चालवते. ज्यांनी ट्रायकोकार्ड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी : एक जाड कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली कॉर्सिरा पतंगाची साधारण २० हजार अंडी, आणि त्या अंड्यांच्या पोटात वाढणारा ट्रायकोग्रामा किलोनिस. हा गांधीलमाशीच्या गणातला परोपजीवी मित्रकीटक, लांबीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याची मादी खोडकिड्याच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग त्या अंड्यातून उसाचा शत्रू निघण्याऐवजी पुढचा ट्रायकोग्रामा निघतो.

वैशाली : हिशेब साधा आहे, अण्णा. धान्य भरडायचं, त्यावर कॉर्सिराच्या अळ्या वाढवायच्या, पतंग गोळा करायचे. त्यांच्या पंखांची भुकटी नाकात जाऊन कामाच्या बायका शिंकून शिंकून बेजार. मग अंडी चाळायची, कार्डाला चिकटवायची, आतली अळी मरावी म्हणून अतिनील दिव्याखाली पाऊण तास धरायची. एवढं करून ते कार्ड ट्रायकोग्रामापुढं ठेवलं की चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात. आठ-दहा दिवसांत आतून कुणीतरी बाहेर येतं. मादी आली तर कामाची. नर आला तर? खर्च दोघांवर सारखाच झालेला असतो. खोडकिडा काही नर मारत नाही. मग नर पोसायचे कशासाठी?

अण्णा : मादीला मुली व्हाव्यात म्हणून.

वैशाली : तेवढ्यासाठी कार्डावरची इतकी अंडी वाया घालवायची?

अण्णा : वाया कशी? १८४५ साली सायलेशियातल्या यान जिर्झोन नावाच्या पाद्र्यानं मधमाश्या पाळता पाळता सांगितलं की नर माशी अफलित अंड्यातून निघते. तोच कायदा या सगळ्या गणाला लागू आहे. ट्रायकोग्रामाच्या अंड्यात ५ गुणसूत्रं असतात. शुक्रपेशीची आणखी ५ येऊन मिळाली तर १० ची मादी, नाही मिळाली तर ५ चा नर. म्हणजे मुलाला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. मादी एकदा समागम करते, शुक्र पिशवीत साठवते, आणि अंडं घालताना पिशवी उघडायची की नाही हे तिचं ती ठरवते. किती नर हवेत याचा अंदाज तुझ्या लॅबपेक्षा तिला जास्त चांगला आहे. जिथं बहीण-भाऊ एकाच ठिकाणी जन्मून तिथंच जोडी जमवतात, तिथं आई मुलगे मोजकेच ठेवते. विल्यम हॅमिल्टननं १९६७ मध्ये त्याचं गणितच मांडून दिलं.

वैशाली : त्याच हॅमिल्टनचं नाव १९९० च्या पेपरवर आहे ना? मी वाचलाय तो. रिचर्ड स्टाउथॅमर, रॉबर्ट लक आणि हॅमिल्टन. ट्रायकोग्रामाच्या काही जाती-वाणांत नर नसतातच. कुमारी मादी मुलींनाच जन्म देते आणि त्या मुली पुढं मुलींनाच. मला तसा वाण हवा आहे. कार्डावर काळं पडलेलं प्रत्येक अंडं म्हणजे एक मादी.

इथे अण्णा हसले असते, कारण त्या पेपरात वैशालीच्या मागणीला आधार आहे आणि अण्णांच्या आक्षेपालाही. त्या तिघांनी केवळ माद्या असलेल्या वाणांना मधातून प्रतिजैविके चारली. टेट्रासायक्लिन, सल्फामेथॉक्साझोल आणि रिफॅम्पिसिन यांनी काम केले. अशा माद्यांना मुलगे झाले. त्या मुलग्यांशी बहिणींची जोडी जमली आणि पिढ्यान्‌पिढ्या केवळ माद्यांचा असलेला वाण चारचौघांसारखा नर-मादीचा झाला. ज्याला जातीचा स्वभाव समजत होते तो औषधाने बरा झाला. जिवंत प्राण्यात लिंग ठरवणारी गोष्ट प्रतिजैविकाने निघून जाते, याचा अर्थ ती गोष्ट कुठल्या तरी जिवाणूच्या हातात होती.

अण्णा : आणि त्याच पेपरात दुसरा उपाय कोणता आहे, ते तू सोडून दिलंस.

वैशाली : उष्णता.

अण्णा : उष्णता! ३० अंशांच्या वर वाढवलेल्या माद्यांनाही मुलगे झाले. हे खरं तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला स्टॅन्ली फ्लँडर्स यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं की एकट्या मादीवर चालणाऱ्या या कीटकांत नर निघणं परिस्थितीवर अवलंबून असतं. ऊन वाढलं की नर दिसतात, एवढं लोक बघत होते. का, ते कळायला पुढं पंचेचाळीस वर्षं लागली. तापमान थेट लिंग ठरवत नव्हतं. तापमान जिवाणूला मारत होतं आणि लिंग त्यामुळं बदलत होतं.

या जिवाणूचे नाव वोल्बाकिया. अमेरिकेत मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाक यांनी १९२४ मध्ये तो क्युलेक्स डासांत पाहिला, १९३६ मध्ये हर्टिग यांनी त्याला नाव दिले, आणि पुढची कित्येक दशके त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. ट्रायकोग्रामातला जिवाणू तोच आहे हे १९९३ मध्ये जनुकांच्या तपासणीतून नक्की झाले. पुढच्याच वर्षी स्टाउथॅमर आणि काझ्मर यांनी तो नेमके काय करतो ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. अफलित अंड्यातली ५ गुणसूत्रे पहिल्या विभाजनाआधी दुप्पट होतात, जागेवर रांगेत येतात, आणि दोन टोकांना जायच्या ऐन क्षणी जातच नाहीत. एकाच केंद्रकात १० राहतात. त्या अंड्यापुरते पाहिले तर फलन झाल्यासारखेच झाले, फक्त बाप नाही. त्यातून मादी घडते, आणि तिची गुणसूत्रांची प्रत्येक जोडी म्हणजे एकाच प्रतीची नक्कल असते.

वैशाली : जिवाणूला यात काय मिळतं, तेही सांगा की.

अण्णा : घर मिळतं. वोल्बाकिया अंड्यातल्या पेशीद्रवातून पुढच्या पिढीत जातो. शुक्रपेशीत त्याला जागाच नाही. नराच्या अंगात शिरलेला जिवाणू नराबरोबर संपतो. म्हणून त्याला मुली हव्यात. कुठं तो नरांचे भ्रूण मारतो, कुठं नराला मादी करतो, आणि इथं नराची गरजच मिटवतो. यात मैत्री कुठं दिसते तुला? हे स्वार्थाचं काम आहे.

वैशाली : स्वार्थ दोघांचा जुळला तर त्याला भागीदारी म्हणतात. आणि इतिहास माझ्या बाजूचा आहे. एनकार्सिया फॉर्मोसा घ्या. पांढऱ्या माशीवर चालणारा हा परोपजीवी १९२० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये टोमॅटोच्या काचगृहांत सोडतात. आज जगभर विकला जातो. सगळ्या माद्या. लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला, आणि आत वोल्बाकिया आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. कुणाचं काय अडलं?

अण्णा : काचगृहात अडलं नाही. पण त्याच एनकार्सियाला नंतर प्रतिजैविक देऊन पाहिलं. नर जन्मले, पण वाण काही पुन्हा नर-मादीचा झाला नाही. इतक्या पिढ्या जोडी जमवायची गरज नव्हती, तर ती कला कोण टिकवणार? आणि असोबारा टॅबिडाचं काय? फळमाशीच्या अळीवरचा परोपजीवी. त्याच्यात नर-मादी दोन्ही असतात, नीट समागम होतो. तरी ल्याँच्या संशोधकांनी २००१ मध्ये त्याचा वोल्बाकिया काढून टाकला तेव्हा माद्यांच्या पोटात अंडीच तयार होईनात. जिवाणू गेला, मादी वांझ. याला भागीदारी म्हणायची की सावकारी, तूच ठरव.

माझ्या मते इथे अण्णा थोडे वाहवत गेले. असोबाराच्या उदाहरणातून जिवाणू वाईट ठरत नाही. दोघांना एकमेकांवाचून चालेनासे झाले, एवढेच त्यातून दिसते. आपल्या स्वतःच्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियाची कथाही फार वेगळी नाही, आणि त्यांना कुणी सावकार म्हणत नाही. पण वैशालीने हा मुद्दा पकडला नाही. ती तिच्या मूळ जागेवर परत आली, आणि तिथे ती जास्त पक्की होती.

वैशाली : अण्णा, तुम्ही उत्क्रांतीची लाखो वर्षं मोजता, मी पंधरवडा मोजते. ट्रायकोकार्ड शेतात एकदा लावून विसरायची गोष्ट नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी नवं कार्ड लागतं. मी सोडलेल्या माद्यांनी खोडकिड्याची अंडी शोधून टोचली की माझं काम झालं. त्यांच्या मुलींना मुलगे झाले काय, मुली झाल्या काय, मला फरक पडत नाही. सोलापूरच्या उन्हात जिवाणू मेला तर मरू दे. पुढचं कार्ड येतंच आहे.

या वादातला हा सर्वांत जोरदार युक्तिवाद आणि तो तिला पुस्तकात सापडलेला नाही. उन्हाचा परिणाम लगेच दिसत नाही. ज्या मादीच्या वाढीत ऊन लागले ती स्वतः मादीच असते. बदलतात ती तिची पिल्ले. मोठ्या संख्येने पुन्हापुन्हा सोडायच्या कीटकात पहिलीच पिढी काम करते, दुसरीचा बोनस.

अण्णा : शेतातल्या उन्हाची मला काळजी नाहीच. तुझ्या लॅबमधल्या उन्हाची आहे. सुरू लागणीच्या उसात खोडकिडा कधी पडतो? मार्च ते मे. आपल्याकडं तेव्हा पारा चाळिशीच्या वर. लॅब तुला २६-२७ अंशांवर ठेवायची असते. दुपारी वीज गेली आणि दोन-तीन दिवस एसी धड चालला नाही, तर तापणार कोण? तू विकायला काढलेलं कार्ड नव्हे, तुझं मूळ बियाणं. ज्या माद्यांपासून पुढचं सगळं उत्पादन निघायचं त्या माद्या.

वैशाली गप्प झाली, पण फार वेळ नाही. तिच्या लॅबमध्ये काय दिसले असते याची कल्पना तिला आहे. ट्रायकोग्रामाचा नर भिंगाखाली ओळखायला सोपा : त्याच्या शृंगिकांवर लांब केसांची झालर असते, मादीच्या शृंगिका टोकाला फुगीर आणि बऱ्याच तुळतुळीत. तापलेल्या वाणात सगळे काही एका रात्रीत नर होत नाही. जिवाणू संपण्याऐवजी कमी झाला तर मधलेच काहीतरी निघते : एक शृंगिका केसाळ, दुसरी तुळतुळीत, किंवा डोके नराचे आणि पोटाचा शेवट मादीचा. असे अर्धनारी कीटक बाटलीत दिसू लागले की समजायचे, जिवाणूची संख्या उंबरठ्यावर आली आहे. काही अंड्यांत गुणसूत्रे वेळेवर दुप्पट झाली, काहींत उशिरा, काहींत झालीच नाहीत.

वैशाली : बरं. पण तुमचा नर-मादीचा वाण उन्हात काय करतो? २०१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर इथल्या संशोधकांनी धान्यातल्या किड्यांवरच्या अनिसोप्टेरोमॅलस कॅलँड्री या परोपजीवीवर काम केलं. कोशात असताना नराला उन्हाचा झटका बसला की त्याचे शुक्र घटतात. ट्रायकोग्रामाच्या नरांवरही असं काम झालेलं आहे. आता जोडा तुमच्या कायद्याशी. नर आहे, समागमही झाला, पण पिशवीत शुक्र नाही किंवा पुरेसे नाहीत. मग अंडं अफलित, आणि अफलित म्हणजे मुलगा! माझ्या वाणात ऊन जिवाणूला मारतं, तुमच्यात ते शुक्र मारतं. शेवटी दोन्हीकडं नरच.

अण्णा : हे मात्र खरं आहे.

(इथे मला थांबून सांगितले पाहिजे की हा मुद्दा मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. कासवांत किंवा मगरींत अंडे किती अंशांवर उबले यावरून पिल्लू नर की मादी ते ठरते, आणि तापमान तिथे थेट अंड्याच्या वाढीत हात घालते. या परोपजीवींच्या बाबतीत तापमान थेट काही ठरवत नाही. ते कधी जिवाणूमार्गे येते, कधी बापामार्गे, आणि दोन्ही वाटा अफलित अंड्यापाशी येऊन मिळतात.)

अण्णा : पण फरक आहे. माझ्या वाणात पुढच्या पिढीत दोन निरोगी नर असले की माद्या पुन्हा जन्मतात. गाडी आपोआप रुळावर येते. तुझ्या वाणात जिवाणू थोडा उरला असेल तर गार जागी तो पुन्हा वाढेल, हे मान्य. पण तो पुरता गेला तर परत येत नाही. बाहेरून नर आणून बसवलास तरी जोडी जमेलच याचा भरवसा नाही. टेलेनोमस नवाई नावाच्या परोपजीवीत हे नीट तपासलं गेलंय. जिवाणूवर जगलेल्या माद्या समागमाचं साधन असूनही ते वापरीनाशा झालेल्या असतात.

वैशाली : जिवाणू बाहेरूनही येऊ शकतो. मोहावी वाळवंटातल्या ट्रायकोग्रामा कायकाईत ते २००० मध्ये दिसलं. एकाच फुलपाखराच्या अंड्यात जिवाणूवाली आणि बिनजिवाणूची अशी दोन पिल्लं वाढली तर दुसऱ्याला लागण होते.

अण्णा : होते. आणि त्याच वाळवंटात पुढच्या वर्षी काय सापडलं? तिथल्या काही नरांत एक जादा गुणसूत्र आहे. ते शुक्रपेशीबरोबर अंड्यात शिरतं आणि बापाची बाकीची सगळी गुणसूत्रं नष्ट करतं. मादी व्हायची ती नर होते आणि ते जादा गुणसूत्र नव्या नरात सुखानं राहतं. असंच गुणसूत्र १९८० च्या दशकात नॅसोनिया नावाच्या परोपजीवीतही सापडलं होतं. जिवाणूला मुली हव्यात, त्या गुणसूत्राला मुलगे. तिथं वोल्बाकिया सगळीकडं पसरत नाही, याला हे स्वार्थी गुणसूत्रही कारण आहे. आणि ती बिचारी मादी, जिच्या अंड्यावरून हे सगळं चाललंय, तिला विचारतो कोण!

वैशाली : तुमच्या वाळवंटातनं माझ्या लॅबमध्ये या, अण्णा. ब्रॅकॉनला ही युक्ती का चालत नाही, तेवढं सांगा. नारळाच्या अळीसाठी सोडतात तो ब्रॅकॉन. त्याचाही निव्वळ माद्यांचा वाण मिळेल का, असं परवा एकानं विचारलं.

अण्णा : या वाटेनं मिळायचा नाही. ब्रॅकॉनमध्ये, मधमाशीतही, लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती लागतात. दोन वेगळ्या असल्या तर मादी. एकच असली, किंवा दोन पण सारख्या असल्या, तर नर. अमेरिकेत व्हायटिंग यांनी ब्रॅकॉनवर काम करूनच हे उलगडलं. वोल्बाकियाची युक्ती म्हणजे एकाच प्रतीची नक्कल. ती ब्रॅकॉनमध्ये केली तर दोन सारख्या प्रती, म्हणजे पुन्हा नरच. म्हणून तर ब्रॅकॉनची पैदास फार जवळच्या नात्यात ठेवली की नर वाढतात. त्या माणसाला सांग, बाहेरून नवं रक्त आण.

हा सल्ला वैशालीने वहीत लिहून ठेवला असता, असे मला वाटते. बाकी वाद मिटला नाही. पण कुणाचे ऐकायचे हे ठरवण्यापुरते माझे मत झाले आहे, ते सांगतो.

बंद काचगृहात, तापमान हातात असेल तिथे, जिवाणूवाला वाण घेण्यात वैशाली बरोबर आहे. तिथे तो स्वस्त पडतो आणि एनकार्सियाने ते दाखवून दिले आहे. उघड्यावरच्या उसासाठी, उन्हाळ्यात, आणि जिथे विजेचा भरवसा नाही अशा लॅबसाठी, मी अण्णांच्या बाजूने. त्याला आणखी एक कारण आहे. बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत ट्रायकोग्रामा किलोनिसचा जास्त तापमान सहन करणारा वाण निवडपद्धतीने तयार झाला. निवड करायची तर आधी वेगवेगळेपणा लागतो, आणि तो नर-मादीच्या मिसळणीतून येतो. स्वतःचीच नक्कल असलेल्या माद्यांच्या रांगेतून निवडायचे काय? तेव्हा नरांवरचा खर्च हा उन्हाळ्यासाठी भरलेला विमा समजावा.

आणि वाचकांपैकी जे कार्ड विकत घेतात त्यांना एक विनंती. अंडी काळी दिसताहेत आणि कीटक बाहेर पडायची तारीख उलटलेली नाही, एवढे पाहूनच कार्ड घ्या. लगेच लावायचे नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नको. शेतात नेताना मोटारीच्या काचेखाली किंवा दुचाकीच्या डिकीत टाकू नका. मे महिन्यात तिथे एका तासात जे होते ते लॅबच्या एसीलाही भरून काढता येत नाही. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा. आणि त्यानंतर काही दिवस त्या प्लॉटवर कीटकनाशक मारू नका.